एक जानेवारीच्या अलीकडे

हिंटरमाट, १२ मे १९३८

प्रिय सेफी,

तुमचं पुस्तक पोचलं. टपालवाल्या झेप्पनं ते पायरीवर असं ठेवलं, जणू कागदात मेलेलं मांजर गुंडाळलंय. अख्ख्या स्वित्झर्लंडसाठी एकच फौजदारी कायदा! पंचेचाळीस वर्षं प्रोफेसर लोक बसले, त्यातले निम्मे बसल्याबसल्या वारले, आणि निघालं काय, तर चारशे कलमं. आमच्या कँटनचा, या चिमुकल्या प्रांताचा, कायदा माझ्या कोटाच्या खिशात मावतो, वर तंबाखूची पुडीही राहते.

मी गुरांचा डॉक्टर, मला कायद्यातलं काय कळतं, असं तू म्हणशीलच. पण इथल्या कौन्सिलनं न्याय-पोलीस खातं माझ्या गळ्यात बांधलंय, म्हणून वाचावं लागतं. झुरिकच्या चोराला जी शिक्षा तीच आमच्या चोराला म्हणे. अगं, झुरिकचा चोर शाळा शिकलेला असतो! आणि मृत्युदंड काढून टाकलात. खुनी माणसाला तुम्ही आयुष्यभर सूप पाजणार, आणि तेही आमच्या दुधाचं.

३ जुलैला मतदान आहे. इथे एकही शहाणा 'हो' म्हणणार नाही. बर्नच्या सरकारनं आमचे रस्ते घेतले, आमची पोरं सैन्यात घेतली, आता आमचे बदमाशही हवेत?

कारोलीना विचारते, तिकडे नीट जेवतेस का. मी नाही विचारलेलं.

अलॉइस


बर्न, २० मे १९३८

अलॉइसदादा,

पुस्तक तू वाचलेलं नाहीस. त्याची जोडलेली पानं आधी कापावी लागतात, आणि तुझ्या घरात सुरी फक्त चीजसाठी निघते.

मी वाचलंय. जर्मन मजकुराशेजारी फ्रेंच ठेवून ओळीला ओळ लावून पाहिलीय. एका ठिकाणी जर्मनमध्ये माणूस तुरुंगात जात होता आणि फ्रेंचमध्ये त्याच गुन्ह्यासाठी नुसता दंड भरून घरी. ती चूक मी पकडली. न्याय खात्यातले आमचे साहेब डॉ. च्युडिन यांनी ती स्वतःच्या सहीनं वर पाठवली आणि शाबासकी घेतली.

पंचवीस कँटन, पंचवीस कायदे. तळ्याच्या तुमच्या काठावर खुन्याचं डोकं उडवायचं, समोरच्या काठावर कोंडून ठेवायचं. माणसाचा जीव बोटीच्या तिकिटावर! याला तुम्ही परंपरा म्हणता.

आणि मतदानाचं म्हणशील तर तू मत देशील. झेप्प देईल. वर्तमानपत्र उलटं धरून बसणारा तुझा तो बर्गीसुद्धा देईल. ज्या बाईला या कायद्याचा स्वल्पविराम न् स्वल्पविराम पाठ आहे, ती त्या रविवारी घरी गाजरं किसेल, कारण ती बाई आहे. तेव्हा शहाणपणाच्या गोष्टी मला सांगू नकोस.

जेवते. वहिनीला सांग.

सेफी


बर्न, ४ जुलै १९३८

दादा,

जिंकलो! थोडक्यात, पण जिंकलो. तुमच्या कँटननं भरभरून 'नाही' म्हटल्याचं कळलं. मागं राहण्यात तुमचा हात कोण धरणार?

अंमल १ जानेवारी १९४२ पासून. सगळ्या कँटनांना आपापली न्यायालयं नि नियम जुळवून घ्यायला वेळ हवा म्हणून. साहेबांना मी स्वतः म्हटलं, डोंगरातल्यांना जरा जास्तच वेळ द्या, ती माणसं हळू वाचतात. ते खूप हसले.

सेफी


हिंटरमाट, ९ जुलै १९३८

सेफी,

हसू दे साहेबांना. एक्केचाळीस संपेपर्यंत आमचा कायदा आमचाच. तोवर तुमचं पुस्तक मी गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलंय. जाडी चांगली आहे.

अलॉइस


हिंटरमाट, १९ नोव्हेंबर १९३९

सेफी,

बाल्झ गेला. खिंडीतल्या खाणावळीचा आपला बाल्झ. मारला त्याला.

मंगळवारी रात्री एक प्रवासी मुक्कामाला उतरला. एर्विन लोखर नावाचा, सपाटीकडचा, आधी दोनदा आत जाऊन आलेला. त्याची बायको व्हेरेना तिच्या बहिणीकडे गेली होती, म्हणून वाचली. बाल्झ पहाटे चूल पेटवत असताना यानं मागून लाकूड फोडायची कुऱ्हाड घातली. घेतलं काय? एक खिशातलं घड्याळ आणि किर्श दारूच्या दोन बाटल्या. दुपारी बोटीच्या धक्क्यावर सापडला. प्यायलेला होता. घड्याळाला किल्ली देत बसला होता.

खातं माझं, म्हणून मला वर जावं लागलं. आजवर माझ्या हाताखाली मेली ती गुरंच. बाल्झवर घोंगडी मीच घातली. शुक्रवारी त्याच्याकडे पत्त्यांचा डाव ठरला होता. व्हेरेना आली तेव्हा रडली नाही, भांडी घासत बसली.

आता मला सांग, या लोखरसाठी तुझ्या पुस्तकात काय आहे? सूप? जन्मभर? मी त्याला कोठडीत बघतो तेव्हा आमचा जुना कायदा मला फार शहाणा वाटतो.

अलॉइस


बर्न, २४ नोव्हेंबर १९३९

दादा,

बाल्झसाठी खूप रडले. तळं गोठलं की तो मला हात धरून स्केटिंग शिकवायचा, आणि मी पडले की तू काठावरून टाळ्या वाजवायचास. व्हेरेनाला वेगळं पत्र लिहिलंय.

लोखरसाठी माझ्याकडे एक अश्रू नाही. पण कायदा आपण लोखरच्या लायकीवरून लिहीत नाही, आपल्या लायकीवरून लिहितो. हे तुला आत्ता पटणार नाही. नको पटू दे.

सेफी


हिंटरमाट, १४ एप्रिल १९४०

प्रिय सेफी,

इकडे सगळं ठीक. निम्मे पुरुष सीमेवर आहेत, गाई बायका सांभाळतात, आणि खरं सांगायचं तर जास्त बऱ्या सांभाळतात. हे कुणाला सांगू नकोस.

एक विचारायचं होतं, निव्वळ माहितीसाठी. समजा एखाद्यानं गुन्हा केला जुना कायदा असताना, आणि खटला चालला तुमचं पुस्तक लागू झाल्यावर. तर त्याला कुठला कायदा लागतो? कौन्सिलात असेच कोणीतरी बोलत होते. घाई नाही.

अलॉइस


बर्न, १८ एप्रिल १९४०

अलॉइसदादा,

निव्वळ माहितीसाठी! कौन्सिलात कोणीतरी! तुमच्या कौन्सिलात 'जेवण कधी' याखेरीज कोणी प्रश्न विचारलेला मला ठाऊक नाही. टिंगल करायची तर सरळ कर.

कलम दुसरं. जो कायदा सौम्य, तो लागतो. म्हणजे लोखरचा खटला एक जानेवारी बेचाळीसच्या पुढे गेला, तर डोकं शाबूत. पण तुम्ही तो पुढे जाऊ द्याल होय? गवताच्या कुरणाच्या भांडणाला तीन वर्षं लावणारं तुमचं न्यायालय या वेळी कसं धावेल ते मी बघतेच. खूप वर्षांनी जत्रा भरणार आहे, उशीर करून कसं चालेल?

सेफी


हिंटरमाट, २२ सप्टेंबर १९४०

सेफी,

निकाल लागला. मृत्युदंड. तू म्हणालीस तसंच झालं, न्यायालय धावलं. तो वाचताना न्यायाधीशांनी नवा काळा कोट घातला होता.

आता गंमत ऐक. आमच्याकडे डोकं उडवायचं यंत्र नाही. ते शेजारच्या कँटनकडून उसनं आणायचं, मेजवानीला शेजारणीचं मोठं पातेलं आणतात तसं. आणि ते चालवणाराही नाही. वर्तमानपत्रांतून गवगवा झाला, आणि माझ्या खात्याकडे अर्ज यायला लागले. सगळ्या देशातून! तुझ्या सुधारलेल्या बर्नमधूनही, बरं का. एक दाताचा डॉक्टर आहे, त्याचा हात म्हणे थरथरत नाही. एक सॉसेजवाला स्वतःचा एप्रन घेऊन येणार आहे. एका मास्तरला हा 'अनुभव' हवाय. एकानं विचारलंय, येण्याजाण्याचं भाडं आणि दुपारचं जेवण मिळालं तर पुरे, बायकोला बरोबर आणू का? तिनं आपलं तळं पाहिलेलं नाही.

हे सगळे अर्ज मी वाचतो. कारोलीना म्हणते, जेवणाच्या टेबलावर वाचू नका.

परवा कौन्सिलचे अध्यक्ष मला हसत म्हणाले, "अलॉइस, कशाला बाहेरचा माणूस? तू एवढ्या गाई संपवल्यास, तूच का नाही?" सगळे हसले. मीही हसलो असेन.

दयेचा अर्ज कौन्सिलपुढे येईल. तिथे निकाल आधीच ठरलाय.

अलॉइस


बर्न, २७ सप्टेंबर १९४०

दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि खिडकी उघडली. इतका ओंगळपणा तू इतक्या मजेत लिहू शकतोस!

मतमोजणी कधीच झालीय. या देशानं दोन वर्षांपूर्वी ठरवलंय की आपण माणसं मारणार नाही. लोकांचा कौल आहे तो. फक्त तारीख यायचीय. आणि तुम्ही त्या तारखेच्या अलीकडे घाईघाईनं एक डोकं उरकून घेताय, दुकान बंद व्हायच्या आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकासारखं.

कौन्सिलात तुलाही हात आहे. तो दयेसाठी वर करशील? मला ठाऊक आहे, नाही करणार. तू पत्रात शूर, गोठ्यात शूर, आणि चारचौघांत बसलास की चारचौघांसारखा. लहानपणी बाबा मला मारायचे तेव्हाही तू असाच भिंतीकडे बघत उभा राहायचास.

सेफी


हिंटरमाट, ८ नोव्हेंबर १९४०

सेफी,

झालं. काल कौन्सिलनं दया नाकारली, आज सकाळी तुरुंगाच्या मागच्या शेडमध्ये उरकलं. हजर राहणं माझं काम होतं, राहिलो. लोखरनं शेवटी काहीतरी म्हटलं, पण धर्मगुरू मोठ्यानं प्रार्थना म्हणत होते, ऐकू आलं नाही.

दया नाकारणाऱ्यांत मीही होतो. तुझा अंदाज बरोबर आला. तुझे अंदाज नेहमी बरोबर येतात, त्यासाठीच तुला तिथे पगार मिळतो.

एकच सांगतो. आम्ही हळू वाचतो म्हणून तुम्ही आम्हाला जास्त वेळ दिलात. आम्ही तो वापरला. तुझ्या साहेबांना कळव, पुन्हा हसतील.

काही दिवस पत्र पाठवू नकोस.

अलॉइस


हिंटरमाट, १६ फेब्रुवारी १९४१

प्रिय सेफी,

मी कधी पत्र लिहीत नाही, माझं अक्षर तुला माहीत आहे, हसू नकोस. हे गेल्या बाजारच्या दिवशी लिहायचं होतं, पण शाई गोठली होती. मी लिहिलंय हे अलॉइसला कळू देऊ नकोस.

तो तुझ्याशी खोटं बोलला. त्यानं दयेसाठी हात वर केला होता. मला ते झेप्पच्या बायकोकडून कळलं, ती कौन्सिलच्या दालनात झाडते. सगळं दालन हात खाली ठेवून बसलं होतं आणि दोनच हात वर होते. एक अलॉइसचा आणि एक त्या बहिऱ्या मधमाश्यावाल्याचा. त्याला वाटलं जेवणाची सुट्टी विचारतायत. त्याला समजावून सांगितल्यावर त्यानं घाबरून हात खाली घेतला. मग एकच राहिला.

अध्यक्ष म्हणाले, "अलॉइस, बाल्झ तुझा मित्र होता ना रे?" तर हा उठून उभा राहिला. म्हणाला, "होता. आणि बर्नच्या त्या पुस्तकाला मी 'नाही' म्हटलं, उद्याही म्हणेन. पण तुम्ही ते अर्ज वाचलेले नाहीत. मी वाचलेत. लोखरनं एका घड्याळासाठी जीव घेतला. ते लोक जेवणावर तयार आहेत. आणि त्यांतल्या एकाला निवडून मी त्याचे आभार मानायचेत. मला ते जमत नाही." मग खाली बसला. बाकीचे नुसते खोकले.

त्या आधीही त्यानं पुष्कळ खटपट केली होती, सेफी. तुझं एप्रिलचं पत्र आलं ना, त्यानंतर तो म्हणायला लागला की लोखरची दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी करा, डोकं ठिकाणावर आहे का बघा. म्हणजे खटला लांबेल. वेड्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टरकडे स्वतः जाऊन आला. लोखरवर त्याचं प्रेम नव्हतं, उलट तुरुंगातून आला की हात धूत बसायचा, म्हणायचा, तो माणूस सूप खारट आहे म्हणून रडतो. पण न्यायालयानं ऐकलं नाही. लोक म्हणाले, बर्नच्या बहिणीनं पढवलाय.

मी विचारलं, अहो, सेफीला खरं का नाही लिहिलंत? तर म्हणाला, "तिला काय, ती म्हणेल मी सुधारलो. मी सुधारलेलो नाही." आणि दार आपटून गोठ्यात गेला.

आता आमच्याकडे कुणी येत नाही. चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघंच. शेतकरी गुरांसाठी त्याला बोलावत नाहीत. गेल्या आठवड्यात बर्गीची गाय वीत असताना अडली. आमचं घर त्याच्या कुंपणाला लागून. ती रात्रभर ओरडत होती. अलॉइस बूट घालून, पिशवी घेऊन दाराशी बसून होता, की हाक मारतील. बर्गीनं तळ्यापलीकडच्या डॉक्टरसाठी बोट पाठवली. तो येईपर्यंत गाय मेली, वासरूही मेलं. अलॉइसनं बूट काढले आणि झोपायला गेला, झोपला मात्र नाही.

तू काही करू शकशील असं नाही. पण तू त्याला जे समजतेस ते मला सहन होईना.

कारोलीना


बर्न, १ मार्च १९४१

अलॉइसदादा,

तू पत्र पाठवू नकोस म्हणालास, मी पाठवतेय. तुझं ऐकायची मला सवय नाही.

इथे कंटाळा आलाय. शहर संध्याकाळी अंधारात बुडतं, लोणी कुपनांवर मिळतं, आणि डॉ. च्युडिन यांना पदक मिळालंय. कशाबद्दल ते तू ओळख. मेजवानीत त्यांनी भाषण केलं की या कायद्यामुळे एक संपूर्ण राष्ट्र माणुसकीनं वागायला शिकलं. मी कोपऱ्यात उभी होते. त्यांनी मला कॉफी आणायला सांगितली. मी आणली, आणि त्यांच्या नव्या कोटावर ती सांडली. मुद्दाम. आता मला दोन आठवड्यांची रजा मिळालीय, न मागता.

शनिवारच्या दुपारच्या बोटीनं येते. घ्यायला येऊ नकोस, माझी बॅग मी उचलते. रविवारी तुमच्याबरोबर चर्चला येईन. तुझ्या शेजारी बसेन. तुमच्या धर्मगुरूच्या एका शब्दावरही माझा विश्वास नाही हे तुला माहीत आहे, पण बाकावर जागा असेल असं वाटलं. माझी ती लाल टोपी घालून येईन, म्हणजे मागच्यांना वळून बघायला मान मोडावी लागणार नाही.

आम्ही दिलेल्या जास्तीच्या वेळेबद्दल तू जे लिहिलंस ते मी साहेबांना कळवलं नाही. स्वतःकडे ठेवलंय.

तुझी,
सेफी


हिंटरमाट, १२ जानेवारी १९४२

प्रिय सेफी,

तुझं नव्या वर्षाचं कार्ड मिळालं. तुमचं पुस्तक एक तारखेपासून इथे राज्य करतंय. अध्यक्षांनी कचेरीत ते मखमलीवर ठेवलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आम्ही पहिल्यापासून याच्या बाजूनं होतो. बर्गीही तेच सांगतो. मी एकटाच उरलो विरोधात. इथल्या लोकांबद्दल तू जे बोलायचीस ते सगळं कमीच होतं.

कारोलीनानं तुला गुपचूप लिहिलं होतं हे तू गेल्या मार्चात बोटीवरून उतरलीस तेव्हाच मला कळलं. तू तेव्हा विचारलंस, "दादा, कसा आहेस?" हा प्रश्न तू जन्मात मला विचारला नव्हतास. त्या रविवारी चर्चमध्ये लाल टोपीमुळे धर्मगुरूंची प्रार्थना दोनदा चुकली, तेवढ्यानं माझं वर्ष निघालं.

धंद्याचं म्हणशील तर वर्षभर मी कुंपणं दुरुस्त केली. इतरांची गुरं इतर डॉक्टरांनी मारली.

काल एक झालं ते सांगायला हे पत्र. व्हेरेना आली. भर बाजारातून, बर्फातून, घसरगाडी हाकत. माझ्या दारात उतरली. वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललेलो नव्हतो. ती समोर दिसली की मीच रस्ता बदलायचो.

ती म्हणाली, "अलॉइस, तू माझ्या नवऱ्याच्या खुन्यासाठी हात वर केलास."

मी म्हटलं, "हो."

"मला सगळे म्हणाले होते, हे एकदा झालं की तुला शांत झोप लागेल. अध्यक्ष म्हणाले. धर्मगुरू म्हणाले. तू असं काही म्हणाला नव्हतास."

"नाही."

"लागत नाही," ती म्हणाली. मग आवाज चढवला, समोरच्या दुकानात ऐकू जाईल इतका. "माझी गाय आजारी आहे. येतोस का?"

मी पिशवी घेतली आणि तिच्या घसरगाडीत शेजारी बसलो. तिनं सरळ खिंडीचा रस्ता धरला नाही. आधी चर्चवरून, मग दूधसंघावरून, मग बर्गीच्या दारावरून गाडी नेली, तीही सावकाश. लोक दुकानांच्या काचांशी येऊन उभे राहिले. ती समोर बघत होती, मी माझ्या बुटांकडे.

गाय ठणठणीत होती, सेफी. गोठ्यात शिरल्याशिरल्या कळलं. डोळे स्वच्छ, नाक ओलं, रवंथ चालू. व्हेरेना दारात हाताची घडी घालून उभी होती. मी कोट काढला, बाह्या वर केल्या, आणि गायीचा प्रत्येक पाय, प्रत्येक दात बराच वेळ तपासत बसलो.

अलॉइस